रेघेच्या वर एक वीत

सांगलीच्या बाजारपेठेत एक किराणा दुकान आहे. आतल्या भिंतीवर ऑइलपेंटनं ओढलेल्या दोन रेघा. खालची निळी, कमरेच्या उंचीला, शेजारी २००५. वरची लाल, उंच माणसाच्याही डोक्यावर, शेजारी २०१९. पुराच्या रेघा सांगलीत घरोघरी सापडतात, त्यात नवल काही नाही. नजर अडकते ती निळ्या रेघेच्या वर वीतभर अंतरावर असलेल्या, सिमेंटनं बुजवलेल्या भोकांवर. २००५ च्या पुरानंतर तिथं लोखंडी ब्रॅकेट मारून जाड फळी बसवली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा मालकानं साखरेची पोती, तेलाचे डबे, हळद, उधारीच्या वह्या असं सगळं हमालाकडून त्या फळीवर रचून घेतलं, शटर ओढलं आणि तो वरच्या मजल्यावर जाऊन शांत झोपला. पाणी फळीच्या वर जवळजवळ तीन फूट चढलं. आठ दिवसांनी शटर उघडलं तेव्हा साखरेची पोती होती, साखर नव्हती.

ही गोष्ट ऐकून लोक हळहळतात आणि पुढं जातात. माझ्या मनात राहिली ती ती वीत. हा माणूस निष्काळजी नव्हता. त्यानं पदरचे पैसे खर्चून तयारी केली होती, मोजमाप केलं होतं, वर थोडी जादा जागाही सोडली होती. फक्त मोजमाप त्यानं नदीचं केलं नाही, आठवणीचं केलं. पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजेच येऊ शकणारं सगळ्यात मोठं पाणी, हे कुणी त्याला शिकवलं नव्हतं. भिंतीवरची रेघच रोज तसं सांगत होती. पूररेषा आठवणीसाठी ओढतात आणि काही वर्षांत ती हमीसारखी वाचली जाते.

कृष्णाकाठच्या माणसाला आकडे तोंडपाठ असतात. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. कोल्हापुरात पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ आणि ४३. २००५ ला आयर्विनपाशी जवळजवळ ५४ फूट पाणी होतं, २०१९ ला ते ५७ च्या वर गेलं. पावसाळ्यात चहाच्या गाड्यावर ‘आज किती?’ एवढंच विचारलं तरी समोरच्याला कळतं. गंमत अशी की आकडा सगळ्यांना माहीत असतो, पण तो पुलाचा असतो. ५० फूट म्हणजे माझ्या उंबऱ्याला किती, हे फारच थोड्यांना सांगता येतं. जुन्या वाड्यांतल्या म्हाताऱ्या बायका सांगायच्या. अमुक फुटाला गल्लीच्या तोंडाशी, तमुक फुटाला तिसऱ्या पायरीला. नव्या अपार्टमेंटमध्ये भाड्यानं आलेल्या कुटुंबाजवळ हा तक्ता नसतो. त्यांच्या मोबाइलवर ‘सतर्क राहावे’ असा संदेश येतो आणि ते बाल्कनीत जाऊन रस्ता बघतात. रस्ता कोरडा असतो.

हा तक्ता करणं अवघड नाही. आपल्या इमारतीवरची किंवा शेजारच्या जुन्या भिंतीवरची २०१९ ची खूण शोधायची आणि ती आपल्या तळमजल्याच्या फरशीपासून किती वर आहे ते टेपनं मोजायचं. समजा सात फूट भरलं. त्या दिवशी पुलापाशी ५७ होते, म्हणजे आपली फरशी साधारण ५० ला भिजते. नदीच्या पाण्यालाही उतार असतो, शिवाय मधे भराव आणि इमारती असतात, म्हणून हा हिशेब अर्धा-एक फूट मागेपुढे होणार. पुलापासून लांब गावात तो आणखी ढळेल. तरी हाताशी काहीतरी आलं. पण खरा आकडा हा नव्हेच. खरा आकडा बाहेर पडायच्या रस्त्याचा. घरापासून उंच जागेपर्यंत जाताना रस्त्यात सगळ्यात खोलगट ठिकाण कुठलं? मोरीपूल, ओढ्यावरचा फरशीपूल, पेट्रोलपंपासमोरचा सखल भाग? ते फरशीपेक्षा दोन फूट खाली असेल, तर रस्ता ४८ लाच बंद. त्याच्याही एक फूट आधी म्हाताऱ्या माणसांना घेऊन निघायचं म्हटलं तर निघायचा आकडा ४७. आज पुलापाशी ४४ आहेत आणि पाणी तासाला तीन इंचानं चढतंय, म्हणजे हातात १२ तास आहेत. त्यातले सहा-सात अंधाराचे असतील तर निर्णय आत्ताच घ्यायचा. घर कोरडं असताना घर सोडायचं ते हे. डोळ्यांना ते वेडेपणाचं वाटतं, कारण डोळे उंबऱ्याकडे बघत असतात आणि घेराव रस्त्याचा पडत असतो.

आणि नदी समोरून येत नाही.

हे पूर पाहिलेल्या प्रत्येकाला माहीत असतं, तरी पुढच्या पुरात सगळे पुन्हा नदीकडेच तोंड करून उभे राहतात. घाटावर गर्दी, पुलावर गर्दी, फोटो, व्हिडिओ. पाणी तोवर पाठीमागून आलेलं असतं. नदी फुगली की तिला मिळणारे ओढे-नाले उलटे वाहू लागतात. सांगलीत शेरीनाला आहे, प्रत्येक गावात असा एखादा आहेच. पाठोपाठ गटारं उलटतात आणि मग घरातली मोरी व संडासाचं भांडं. दाराला विटा-सिमेंटचा बांध घालून बसलेल्या घरात पहिलं पाणी न्हाणीघरातून गुडगुड आवाज करत वर येतं. म्हणून दारासाठी वाळूची पोती भरताना चार छोट्या पिशव्या मोऱ्यांसाठी आणि भांड्यासाठी भरायच्या. प्लॅस्टिकची जाड पिशवी, त्यात पाऊण भाग वाळू, तोंड घट्ट बांधलेलं. गच्च भरलेली पिशवी दगडासारखी होते आणि भोकावर बसत नाही, कडेनं पाणी येतच राहतं. थोडी ढिली असली की दाबून बसते. दारातल्या पोत्यांचंही तेच. ती अर्धी-पाऊण भरायची, तोंडं आत दुमडायची आणि विटांसारखी सांधे चुकवून रचायची. एवढ्यानं सात फूट पाणी अडत नाही. सामान वर न्यायला दोन-तीन तास मिळतात, आणि त्या वेळी तेच पुष्कळ असतात.

पुराच्या दिवसांत सरकारी खोल्यांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘लोक ऐकतच नाहीत.’ ते खोटं नसतं, पण अर्धं असतं. शिरोळ तालुक्यातल्या गावात दवंडी पिटून, रिक्षावर भोंगा लावून सांगतात की गाव सोडा. घरातला कर्ता गोठ्याकडे बघतो. दोन म्हशी, एक गाभण गाय. शाळेतल्या छावणीत माणसांची सोय आहे, जनावरांचं काय? या प्रश्नाला भोंग्याकडे उत्तर नसतं. तालुक्याच्या नकाशावर धोका पाण्याचा असतो, त्याच्या डोळ्यांपुढं वर्षभराच्या दुधाचा. त्याच्या जागेवरून पाहिलं तर तो हट्टी नाही, हिशेबी आहे. म्हणून गाव लवकर रिकामं व्हायला हवं असेल तर माणसांच्या आधी जनावरं हलवावी लागतात. ट्रक, उंचावरची जागा, चारा, पाण्याचं पिंप आणि राखणीला गावातलीच दोन माणसं. गोठा रिकामा झाला की घर आपोआप रिकामं होतं. हलवणं शक्यच नसेल तर निदान दावी सोडून द्यायची. खुंट्याला बांधलेलं जनावर पोहू शकत नाही, आणि ते उभ्या जागी बुडालेलं पाहिलेला माणूस पुढच्या पुरात आणखीच उशिरा निघतो.

उशीर झाला की नजर उलटी फिरते. गुडघाभर पाणी होतं तेव्हा ‘बघू सकाळी’ म्हणणारी माणसं माळ्यावर दोन रात्री काढल्यावर पहिली दिसलेली नाव शेवटची समजतात. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला जी बोट उलटली तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. बाया, लेकरं, म्हातारी माणसं गेली. त्या काठावर उभं राहून ‘एवढे बसू नका’ म्हणणं किती कठीण असेल, हे खुर्चीत बसून लिहिताना कळत नाही. मात्र नाव चालवणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते. ‘आम्ही पुन्हा येतो’ यावर कुणाचा विश्वास बसत नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवर बसतो. आपल्यातला एक माणूस, पिवळं किंवा नारिंगी जॅकेट घातलेला, त्या छपरावर ठेवून नाव गेली तर मागची गर्दी शांत राहते. नाव परत येणार याची ती खूण असते. शिवाय चढवायचं एकेकाला, मधे बसवत, आणि जॅकेट असतील तेवढीच माणसं. उभं कुणी राहायचं नाही. फोटो काढायला किंवा हात हलवायला सगळे एका बाजूला वळले की तिथंच तोल जातो.

कृष्णा निदान विचार करायला वेळ देते. ती चढते सावकाश आणि मुक्काम लांबवते. चिपळूणची वाशिष्ठी तशी नाही. २२ जुलै २०२१ च्या पहाटे तिथं पाणी चढलं ते तासातासांत, वर डोंगरात पाऊस आणि खाली खाडीला भरती. चिपळूणच्या बाजारपेठेतही २००५ च्या रेघा होत्या आणि तिथल्या व्यापाऱ्यांनीही माल त्या हिशेबानंच वर ठेवला होता. नदी वेगळी, घाट उतरून दुसऱ्या बाजूची, पण चूक जुळ्या भावासारखी.

चुकीच्या खिडकीतून बघण्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र मुंबईचं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला साधारण ७४. एकाच शहरातली दोन ठिकाणं, मधे लोकलचा पाऊण तासाचा प्रवास. दक्षिण मुंबईतल्या कुठल्याही कचेरीच्या खिडकीतून त्या दुपारी दिसत होता तो जुलैतला नेहमीचा पाऊस. ‘पाऊस वाढतोय, लवकर घरी जा’ असं साहेबानं सांगितलं ते मायेनंच, आणि माणसं कोरड्या भागातून निघून थेट पाण्यात गेली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्यातही काही जण गाडीत गेले. गाडी ही सुरक्षित खोली वाटते म्हणून काचा बंद करून बसले, इंजिन बंद पडलं, पाण्याच्या दाबानं दारं उघडेनात, काचांची बटणं चालेनात. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलू शकतं, दोन फूट पाण्यात बहुतेक गाड्या तरंगतात; हे आत बसलेल्याला दिसत नाही, कारण आतून पाणी बॉनेटच्या खालीच असतं. पाणी चाकाच्या मध्याला आलं की काच खाली करायची, पट्टा सोडायचा आणि गाडीचा मोह सोडून बाहेर पडायचं. सीटवरची डोक्याची उशी उपसली की तिच्याबरोबर निघणाऱ्या दोन सळ्या काचेच्या कोपऱ्यात मारल्या तर बाजूची काच फुटू शकते. समोरच्या काचेवर ताकद वाया घालवू नये, ती फुटली तरी जागची सुटत नाही.

भूकंपात तर डोळे दोनदा फसवतात, आधी आणि नंतर. किल्लारीच्या परिसरात १९९२ मध्येच धक्के जाणवू लागले होते. लोक घाबरले, अंगणात झोपले, काही दिवस गेले, काही झालं नाही, पुन्हा घरात गेले. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट गणपती विसर्जनानंतरची होती आणि गाव माळवदाखाली गाढ झोपलेलं होतं. खोट्या ठरलेल्या भीतीची ही दुसरी बाजू. दरवेळी वाचल्यावर माणूस ‘थोडक्यात वाचलो’ असं मोजत नाही, ‘काही होत नाही’ असं मोजतो. आणि नंतरची फसवणूक अशी की ढिगाऱ्यात दगड दिसले, म्हणून गुन्हेगार दगड ठरला. खरं तर भिंती अडीच-तीन फूट जाडीच्या, पण आतून दोन वेगळ्या पडद्यांसारख्या. दोन्हींना बांधणारे, भिंतीच्या आरपार जाणारे दगड नाहीत, मधे नुसती माती. वर गळतीवर उपाय म्हणून दर वर्षी थर चढत गेलेलं मातीचं माळवद. काही घरांत भिंती कोसळल्या तरी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला होता आणि त्याखाली माणसं वाचली होती. पण जे पडलं ते डोळ्यांत भरलं, जे उभं राहिलं ते कुणी नीट पाहिलं नाही. लोकांना सिमेंटच्या स्लॅबशिवाय काही नको झालं आणि सळई-सिमेंटचं प्रमाण न बघता उभा केलेला स्लॅबही निर्धोक वाटू लागला.

मदत करणाऱ्याची नजर यातून सुटलेली नसते.

पूर टीव्हीवर दिसतो तेव्हा भिजलेली, कुडकुडणारी माणसं दिसतात. पाहणाऱ्याचा हात कपाटाकडे जातो आणि दोन दिवसांत कपड्यांचे डोंगर उभे राहतात. जुन्या साड्या, चुरगळलेले शर्ट, एका पायाचे बूट, लग्नातले शेरवानीसुद्धा. एक पोतं कपडे उघडून, पुरुष-बायका-मुलं आणि मापं वेगळी करायला दोन माणसांचा पाऊण तास जातो, आणि ती दोन माणसं दुसरं काही करू शकली असती. २०१९ ला कोल्हापूरजवळ शिरोलीला पुणे-बंगळूर महामार्ग बंद होता. दोन्ही बाजूंना मदतीचे ट्रक अडकून होते. मग महामार्गालगत जे गाव पहिलं दिसलं तिथं ट्रक रिकामा झाला. त्या गावाला चार ट्रक बिस्किटं आणि आतल्या गावाला काहीच नाही, कारण आतलं गाव रस्त्यावरून दिसत नाही. ज्या गावातून व्हिडिओ येत नाही, फोन लागत नाही, तिकडं आधी जायला हवं. पण शांतता डोळ्यांना ‘ठीक आहे’ अशी दिसते. पाच माणसांच्या घराला आठवड्याला साधारण १४ किलो धान्य, दोन किलो डाळ आणि किलोभर तेल पुरतं, आणि ते पाणी ओसरून चूल मांडल्यावर. पहिले तीन दिवस शिजलेलं अन्न आणि पाणी. त्यानंतर लागतात त्या वस्तू फोटोत चांगल्या दिसत नाहीत. खराटे, घमेली, फावडी, गमबूट, फिनेल, नवे अंतर्वस्त्रांचे जोड, सॅनिटरी पॅड, बॅटरी, मेणबत्त्या. पोत्यावर बाहेरून मोठ्या अक्षरात आत काय आहे ते लिहिलं, तर तेवढंच पोतं अर्ध्या वेळेत माणसापर्यंत पोचतं.

पाण्याच्या बाबतीत तर डोळे आणि नाक मिळून फसवतात. विहिरीचं पाणी आठ दिवसांनी निवळतं, नितळ दिसतं, म्हणून चांगलं. टँकरचं पाणी टीसीएलच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या वासाचं, म्हणून ‘औषधी’, ते भांडी घासायला. खरं उलटं आहे. विहिरीचा व्यास तीन मीटर आणि पाणी चार मीटर असेल तर व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५ गुणिले खोली, म्हणजे सुमारे २८ घनमीटर, २८ हजार लिटर पाणी झालं. चांगल्या, ताज्या पावडरचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम धरलं तर ७० ग्रॅम. पुराच्या गढूळ पाण्याला दुपटीहूनही जास्त लागू शकतं. पावडर थेट टाकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पेस्ट करायची, बादली पाऊण भरायची, ढवळून दहा मिनिटं निवळू द्यायची आणि वरचं निवळलेलं पाणीच दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडायचं. तळातला चुना टाकून द्यायचा. बादली पाण्याखाली नेऊन वरखाली हिसके दिले की औषध खालपर्यंत जातं. तासाभरानं ओटीची, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला का ते रंगानं दाखवणारी चाचणी घ्यायची. पिवळी छटा आली नाही तर पुन्हा. चुकतं ते बहुधा पावडरमध्येच. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात उघडं पडलेलं, ओल आलेलं पोतं असतं. ते दिसायला पांढरं असतं, पण त्यातला क्लोरीन कधीच उडालेला असतो. आणि घरातल्या आजीला वास आवडत नसेल तर तिच्याशी वाद घालू नये; पाणी रात्रभर झाकून ठेवलं की वास पुष्कळ कमी होतो, मग ती पिते.

पाणी उतरताना आणखी एक चूक होते. सगळं ओसरू दे, मग साफ करू, असं वाटतं. कृष्णेचा गाळ बारीक, लोण्यासारखा असतो, आणि वाळला की फरशीला घट्ट धरतो. म्हणून जाणती माणसं पाणी घोट्याएवढं असतानाच खराटे घेऊन उतरतात, गाळ ढवळून जाणाऱ्या पाण्याबरोबरच बाहेर ढकलत राहतात. मीटरच्या पेटीला मात्र हात लावायचा नाही. ती कोरडी दिसते, आतून असेलच असं नाही. वायरमननं पाहिल्याशिवाय मेन स्विच वर करायचा नाही. कपाटं काठीनं उघडायची, कारण सापांनाही कोरडी जागाच हवी असते.

त्या किराणा दुकानात आता नवी फळी आहे. लोखंडी अँगल, वर जाड प्लायवूड, पोती चढवायला छताला कप्पी. दाराच्या आतल्या बाजूला, टेलिफोन नंबरांच्या शेजारी, पेन्सिलीनं ‘गल्ली ४७’ एवढंच लिहिलेलं आहे. ते मालकाच्या सुनेनं टेपनं मोजून काढलं. फळी लाल रेघेच्या वर बरोबर एक वीत आहे. २०२१ च्या जुलैत आयर्विनपाशी पाणी ५५ च्या आसपास गेलं, दुकानात पुन्हा शिरलं, आणि फळीवरची साखर कोरडी राहिली. तेव्हापासून मालक फळीकडे बोट दाखवून प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतो, ‘आता कितीही येऊ दे.’